रेषेबाहेरची संख्या

दरवर्षी अकरावीला काल्पनिक संख्या शिकवायला घेतल्या की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, जी संख्या नाहीच, ती शिकायची कशाला?" गारखेड्यातल्या क्लासमध्ये बरीच वर्षं हेच ऐकतेय. मग मी चिडते, आणि चिडले की बरं शिकवते. संख्यारेषेवरची कुठलीही संख्या स्वतःनंच गुणा, उत्तर उणे येत नाही. म्हणून उणे एकाचं वर्गमूळ त्या रेषेवर सापडत नाही. तर मग काटकोनात दुसरी रेषा काढायची आणि त्याला तिथं जागा द्यायची. डोक्यावरचा पंखा फिरवणाऱ्या विजेचे हिशेब इंजिनिअर लोक त्याच्याच मदतीनं करतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा ही म्हण इथं उलटी, नाव कथलाचं आणि काम सोन्याचं, असं म्हटलं की पोरं हसतात.

मला हसू येत नाही. मला माझा पहिला मुलगा आठवतो. आठव्या महिन्यात झाला, दुपारपर्यंत जगला. मी शुद्धीवर आले तोवर घरच्यांनी त्याला पुरलंसुद्धा होतं. आईला दाखवू नये, तिचा जीव अडकतो, अशी आमच्याकडची रीत. बारसं नाही, फोटो नाही. पुढं लेक झाली आणि "लेकरं किती?" या प्रश्नाला मी "एक" म्हणायला शिकले. तो दिसायला कसा होता, एवढंच मला हवं होतं. पण नवऱ्यापुढं तोंड उघडत नव्हतं.

यंदा बहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण देवगाव रंगारीला होतं. ओटी भरायला बायका उठल्या, तशी मीही उठले. बहिणीच्या सासूनं हात धरून मला खाली बसवलं.

"तुमी राहू द्या, बाई. पयलं लेकरू गेलेल्या बाईनं वटी भरू नाय. वाईट वाटून घिऊ नका."

"म्हणजे होतं ना मला पहिलं लेकरू?" मी म्हणाले. "आजवर सगळ्यांनी एकच मोजायला लावलं. ओटीच्या वेळेला बरा मोजलात!"

बहिणीनं डोळ्याला पदर लावला. मला अपमान झोंबला, पण त्या म्हातारीचा धड रागही येईना. इतक्या वर्षांत माझ्या मुलाला हिशेबात धरणारी ती पहिलीच.

परतताना गाडीत लेक मागं झोपली होती. नवऱ्याला घडलेलं सगळं सांगितलं. आणि शेवटी विचारलं, "कसा होता हो तो?"

त्यानं गाडी कडेला घेतली.

"केस लई व्हते," तो म्हणाला. "तुझ्यासारखे, कुरळे. बोट धरलं व्हतं त्यानं माझं. सोडतच नव्हता."

आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. मग विचारलं, "कुठलं बोट?"