गोल्टी, तांदूळ आणि पाढे

लासलगावच्या स्टँडवर अण्णांनी माझी पेटी नाशिकच्या गाडीत चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "बस एका जागी. निदान नाशिक येईस्तोवर तरी." आई हसली, मग रडली. गाडी हलताना अण्णांनी बजावलं, "एक वर्ष बघू. नापास झालीस तर कांदाचाळीपुढं तुझी जागा हायेच."

शाळेत मी चुळबुळी म्हणून प्रसिद्ध. गुरुजी शिकवत असताना वेणी सोडायची, बाक कोरायचा, शेजारणीला हसवायचं. पण चाळीपुढे बसून मोठा कांदा एका ढिगात आणि बारीक गोल्टी दुसऱ्यात टाकताना मी तिसापर्यंत पाढे म्हणायचे. शेजारी कांदा निवडणाऱ्या मावश्यांनो, ते तुम्हीच ऐकलेत. चुकलं की पाठीत तुमची एक गोल्टी बसायची.

गंगापूर रोडच्या वसतिगृहात मात्र मी ठरवलं, आता शहरातल्या मुलींसारखं शिकायचं. खुर्ची, टेबल, हाताची घडी. पुस्तक समोर आणि मन गच्चीवर. पहिल्याच चाचणीत दोन विषय गेले. घरी कळवायला एसटीडी बूथवर गेले आणि नंबर न फिरवताच परतले.

त्या रविवारी मेसच्या काकूंनी तांदूळ निवडायला बसवलं. शेजारी माझ्या खोलीतली मैत्रीण सुनंदा इतिहास मोठ्याने वाचत होती. ताट संपलं तेव्हा धडा मला पाठ होता, तिला नाही.

"काकू, हिला रोज तांदूळ द्या," सुनंदा म्हणाली, "आणि मला हिचं डोकं."

वर्षभर मेसच्या भातात खडा लागला नाही. निकालादिवशी गावातल्या दुकानात फोन करून अण्णांना बोलावून घेतलं. "पास झाले," म्हटलं. ते म्हणाले, "मग तुझ्या जागेवर आता बसवू कुणाला?"

आता मी पंचवटीतल्या एका शाळेत शिकवते. कुणी फार चुळबुळ केली की 'लक्ष नाही' असा शेरा लिहिण्याआधी मी मूग-मटकी मिसळलेलं ताट पुढे करते आणि पाढे म्हणून घेते. एका आईने विचारलं, "बाई, पोरीला शाळेत कडधान्य निवडायला पाठवलंय का?" मी म्हटलं, "सतराचा पाढा विचारून बघा." तिने तिथेच विचारला. पोरीने तो न अडखळता म्हणून दाखवला.

सुट्टीत गावी येते, तेव्हा चाळीपुढे माझं पोतं अंथरलेलं असतं. अण्णांनी ती जागा कुणाला दिली नाही. माझं घर म्हणजे ते पोतं. साऱ्या जगात तेवढ्याच एका जागी मला कधी कुणी 'नीट बस' म्हटलं नाही.