कोरड्या ओळीतले पेरू

बानूबाई माळेगावजवळच्या एका फळबाग संशोधन केंद्रात अकरा वर्षं रोजानं जात होती. तिथं पेरूच्या एका ओळीतल्या सहा झाडांना साहेब मुद्दाम निम्म्याहून कमी पाणी देत. कमी पाण्यावर झाड किती तग धरतं, ते त्यांना बघायचं होतं. बानूबाईला मात्र ते बघवत नसे. मेंढरं राखणाऱ्या घरात ती वाढलेली; तहानेल्या जिवाला टाकून तिचा पाय पुढं निघत नसे. दोन उन्हाळे ती रोज सकाळी, कुणी यायच्या आत, प्रत्येक बुंध्याशी एक कळशी रिती करत राहिली.

झाडं लगडली. साहेबांना नवल वाटलं आणि एवढ्या कमी पाण्यावरही पेरू लगडतो, असं त्यांनी छापलं.

या वैशाखात ती अंथुर्ण्याला धाकट्या भावाकडं, दादासोकडं गेली. त्यानं ऊस मोडून दोन एकर पेरू लावला होता आणि छापलं होतं तेवढंच पाणी तो ठिबकनं देत होता. पानं चामड्यासारखी वळली होती.

"दादा, पाणी वाढव."

"तू कवापासनं साहेब झालीस, आक्का? तुमच्या हितलीच झाडं जगली न्हवं? माझं बघून आठ जणांनी लावलाय."

बांधापलीकडंही माना टाकलेल्या ओळी दिसत होत्या.

"त्या झाडांना मी चोरून पाणी घालत व्हते," बानूबाई म्हणाली.

दादासो खो खो हसला. "तुझ्या कळशीनं संशोधन बदलतंय व्हय!"

त्यानं घड्याळ पाहिलं आणि पाण्याचा कॉक बंद केला.