न लावलेल्या वाती

बाळांनो, पुढच्या महिन्यात तुमचं परदेशातलं शिक्षण संपेल. फोनवर तुम्ही "आजी, सगळं छान आहे" इतक्या नेमाने सांगता की मला माझीच पत्रं आठवतात.

मी पांढरकवड्याला शाळेत इंग्रजी शिकवत असे. चाळिशी ओलांडल्यावर शिक्षकांसाठीच्या एका शिष्यवृत्तीवर वर्षभर इंग्लंडला गेले. निघताना सासूबाईंनी वातींच्या बारा पुड्या दिल्या, महिन्याला एक. घरच्या कापसातली सरकी हाताने काढून मांडीवर वळलेल्या वाती, रोजची एक. "दिवेलागणीले तिकडं लावजो," त्या म्हणाल्या, "मी इकडं लावीन."

पहिल्याच संध्याकाळी मी वसतिगृहातल्या खोलीत दिवा लावला. देवाची जागा उंच हवी म्हणून कपाटावर ठेवला, तो नेमका छतावरच्या धुराच्या घंटेखाली. घंटा वाजली आणि सगळी इमारत खाली थंडीत जाऊन उभी राहिली. पुन्हा ज्योत दिसली तर खोली सोडावी लागेल, असं वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं. मी पुड्या बॅगेच्या तळाशी ठेवल्या आणि दर रविवारच्या पत्रात लिहीत राहिले, "दिवा रोज लावते." तुमचे आजोबा ते सासूबाईंना वाचून दाखवत.

वर्ष संपलं. सामान आवरताना पुड्या घेऊन कचऱ्याच्या डब्यापाशी थोडा वेळ उभी राहिले. खोटं तिथेच टाकून येता आलं असतं. पण हाताने वळलेला कापूस टाकवला नाही, आणि आणखी काही ठरवायचं त्राणही उरलं नव्हतं.

घरी बॅग सासूबाईंनीच उघडली.

"ह्या तर तशाच हायेत वं."

"तिथे दिवा लावू देत नव्हते, आई."

"मंग लावतो म्हणून लिवलं काहून?"

मी पुड्या उचलून देवघरात नेऊन ठेवल्या.

"एवढ्या लांब शिकाले गेली," त्या म्हणाल्या, "अन् खोटं मातर घरूनच घेऊन गेली."

दोन दिवस दिवा त्यांनी एकटीनेच लावला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक वात माझ्यासमोर ठेवली. "लाव. अन् ही वात ज्या दिवसाची, त्या दिवशी खरं काय झालं थे सांग."

मग रोज तेच. कापूस वेचणीचे दिवस, मुलं शेतात जात, त्यामुळे वर्ग अर्धे रिकामे असत. शाळेतून मी उगाचच दमून यायचे, वह्या तपासायच्या असायच्या, पण सुटका नव्हती. एक वात, तिकडचा एक दिवस. घंटेची गोष्ट ऐकून त्या हसल्या, "एका वातीनं एवढी मानसं भाईर काढली?" पत्रांत मी बागा आणि ग्रंथालयं लिहिली होती. आता सांगितलं की तीन आठवडे जेवताना माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. भर वर्गात मला, इंग्रजीच्या शिक्षिकेला, एकच वाक्य तीनदा म्हणायला लावलं. बर्फ पडला त्या दिवशी मी अंथरुणातून उठलेच नाही. काही दिवसांचं काहीच आठवत नसे.

"मंग उगी बस," त्या म्हणत.

चौथ्या पुडीच्या सुमाराला, ज्योतीकडे बघत त्या आपणहून बोलल्या. "आमीबी कुठं खरं लिवलं तुले? तू गेली अन् बोंडं अळीनं खाल्ली. पीक बरं हाय म्हणून म्याच लिवाले लावलं."

"का पण, आई?"

"तू अर्ध्यातून आली असती."

"आले असते."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि दिव्यात थोडं तेल घातलं.

शेवटची पुडी संपली तेव्हा पुन्हा वेचणी आली होती. कापसाला भाव मात्र त्या साली नव्हता. एका वर्षाच्या शिक्षणाला मला अशी दोन वर्षं लागली.

तशा वाती आता माझ्याकडे नाहीत. मला त्या वळता आल्या नाहीत कधी. पाकिटातल्या आणते, त्या भुरभुर जळून जातात. तुम्ही आलात की पहिले दोन दिवस झोपा. मग संध्याकाळी दिव्यापाशी येऊन बसा. मला काही घाई नाही.