शाईखालचे शेवट

नव्वदीच्या सुरुवातीला मी दुबईत, देरामधल्या एका कंपनीच्या गोदामात कामाला होतो. कंपनी परदेशी मासिकं मागवायची. माझं काम काय होतं हे सांगताना मला आजही थोडी लाज वाटते. विमानाने आलेले गठ्ठे फोडायचे आणि दुकानात जाण्याआधी प्रत्येक अंकात जे दिसू नये त्यावर जाड काळा मार्कर फिरवायचा. उघडं अंग, दारूची बाटली, जादूटोणा. एका लांब टेबलाभोवती आम्ही चौघे बसायचो. मार्करच्या वासाने दुपारपर्यंत डोकं धरायचं.

फॅशनची मासिकं सोपी. वैताग यायचा तो इंग्लंडहून येणाऱ्या भयकथांच्या आणि विज्ञानकथांच्या कॉमिक्सचा. त्यांत भुतं असायची, आणि भुतांबद्दल कुणी काही ठरवून दिलं नव्हतं. आमचा केरळी सुपरवायझर एकदा निकाल देऊन मोकळा झाला, "भाई, भूत चलेगा. भूत का पूजा नहीं चलेगा. चमड़ी निकला हुआ आदमी भी नहीं चलेगा. यल्ला, हाथ चलाओ."

या कॉमिक्समध्ये एका लेखकाचं नाव वारंवार यायचं, पहिल्या चौकटीच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. चित्रं दरवेळी वेगळ्या माणसाची, पण गोष्ट त्याची आहे हे मला नाव न बघता कळायला लागलं. चार-पाच पानं, साधी माणसं, साधं घर, आणि शेवटच्या चौकटीत घात. त्यामुळे माझी शाई नेमकी तिथेच लागायची. पुढे तो मोठ्यांसाठीच्या एका मासिकात लिहायला लागला, तेव्हा पानंच्या पानं काळी करावी लागत. टेबलावरचे बाकीचे त्याला शिव्या घालत. मग ते मासिक बंद पडलं. काही काळ त्याचं नाव दिसेना. नंतर ते टीव्हीवरच्या कार्टूनवरून काढलेल्या लहान मुलांच्या अंकात सापडलं. त्यात शाई लावण्यासारखं काहीच नव्हतं. मी ती पानं उगीच पुन्हा तपासली.

न खपलेल्या अंकांची मुखपृष्ठं फाडून, खपले नाहीत याचा पुरावा म्हणून, इंग्लंडला परत पाठवली जात. उरलेला अंक रद्दीत. त्यातले या लेखकाचे अंक मी घरी आणायचो. दोन कुटुंबांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमधली एक खोली आमची होती. मुलगी दहाएक वर्षांची. खेळायला जागा नव्हती, म्हणून ती वाचायची. बायको म्हणायची, "पोरीला हे काय मढ्यांचं आणता? देवाधर्माचं काही येत नाही का तुमच्या गोदामात?"

मुलगी शेवटच्या पानावर आली की काळ्या चौकटीवर बोट ठेवायची. "बाबा, व्हॉट्स अंडर धिस?"

मला माहीत असायचं, कारण ते झाकणारा मीच. पण शुक्रवारी दुपारी, जेवून आडवं झाल्यावर, आपल्या पोरीला सोललेल्या माणसाचं कोण सांगणार? मी दुसरंच सांगायचो. एका गोष्टीत अंतराळात गेलेला मुलगा परत येतो आणि आई दार उघडते. मूळ चित्रात दारात उभं होतं ते मुलगा नव्हतंच. मी सांगितलं, मुलगाच होता, आईसाठी चंद्रावरची माती घेऊन आला होता. माझे सगळे शेवट या एकाच जातीचे. माणूस घरी पोचतो, हातात सामान असतं.

"ही इज सो काइंड," ती त्या लेखकाबद्दल म्हणायची. एकदाच खोटं बोललो असतो तर विसरूनही गेलो असतो. मी वर्षानुवर्षं बोलत राहिलो. मोठं झाल्यावर आपण त्याच्यासारख्या गोष्टी लिहायच्या, असं तिने ठरवून टाकलं होतं.

ती अकरावीत असताना तो लेखक दुबईला आला, एका मॉलमधल्या दुकानात मुलांच्या पुस्तकांवर सह्या करायला. मी टाळाटाळ केली. ती ऐकेना. "यू हॅव टू कम, बाबा. तू तर त्याला माझ्याआधी वाचलंयस."

रांगेत बहुतेक आया आणि लहान पोरं. तो फार म्हातारा नव्हता, पण दमलेला दिसत होता. प्रत्येक मुलाचं नाव पुन्हा पुन्हा विचारत होता. आमची पाळी आल्यावर मुलीने त्याला इंग्रजीत विचारलं, चंद्रावरच्या मातीचा तो शेवट तुम्हाला सुचला कसा?

त्याने पेन खाली ठेवलं. "माती? अगं, त्या दिवसांत माझ्या गोष्टीत कोणी धडपणे घरी पोचलं असतं, तर संपादकाने मलाच घरी पाठवलं असतं." तो मनापासून हसला. "हे तुला कोणी सांगितलं?"

मी शेजारच्या कपाटातली पुस्तकं बघू लागलो. मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. "आमच्याकडच्या अंकात तसंच होतं," ती म्हणाली.

"मग तुमचा अंक माझ्यापेक्षा बरा," तो म्हणाला आणि मागच्या पोराला नाव विचारू लागला.

टॅक्सीत ती मराठीत बोलली. "सगळेच?"

"जवळजवळ."

"मी घाबरेन म्हणून?"

"हो."

"खाली काय असणार याचा मला अंदाज यायचा, बाबा. आणि मग तू सांगायचास तेव्हा वाटायचं, एवढं सगळं भयंकर मांडून हा माणूस शेवटी त्यांना सोडून देतो. म्हणून आवडायचा तो मला."

घरी आल्यावर तिने कॉटखालचा गठ्ठा ओढला आणि एकेक अंक उघडून माझ्यापुढे धरला. मी खरं ते सांगत गेलो. हा बुडतो. हिला ते खातात. या दोघांतलं कोणीच उरत नाही. बायको दारातून म्हणाली, "झाली का मढी सुरू?" मुलीने पुढचा अंक उघडला.

मग दीपगृहाची गोष्ट आली. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला समुद्रातून कोणीतरी हाका मारत असतं. शेवटी तो दार उघडतो. बाहेर त्याची बुडून गेलेली बायको उभी असते, अंगावर ओला झिरझिरीत झगा. मार्कर फिरवला तो तेवढ्यासाठी. चित्रात तो तिला बसायला आपली खुर्ची देत असतो. ती त्याला काहीही करत नाही. त्या लेखकाच्या गोष्टींत असं मी एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हाही मुलीला हेच सांगितलं होतं.

"हा शेवट त्याचाच आहे," मी म्हणालो. "यात माझं काही नाही. शपथ."

ती माझ्याकडे बघून हसली, लहान मुलाची समजूत घालताना हसतात तशी. "ओके, बाबा," म्हणाली, आणि तो अंक बाकीच्यांवर ठेवून दिला.