आधी नुमाईश, मग खून

मी वाचलं एवढं जाड पुस्तक अख्ख्या वांकिडीत कोणी वाचलं नाही. म्हणजे वाचे अर्जनवीस काका, मी बाजूले चहा उकळत ऐकत होतो. मले तं माह्या ठेल्यावरची पाटीबी वाचता येत नाही, आन् ती दोन वर्षं उलटी टांगली होती.

काका तहसीलीसमोर कडुलिंबाखाली पेटी मांडून लोकायचे अर्ज लिहून देत. तहसीलीचं मंडल ऑफिस झालं, तरी ते तहसीलच म्हणत. जिंदगी अर्जात गेली, तं बोलणंबी तसंच झालं. मले नावानं कधी हाक मारली नाही. "सदरहू, एक चहा आण. साखर कमी, सबब वय."

ते पुस्तक कोणीतरी चंद्रपूरवरून आणलं होतं, वरचा पुठ्ठा गेलेलं. विलायतेत कुठंतरी मोठी नुमाईश, म्हणजे प्रदर्शन, भरली होती. काचेचा महाल, घराएवढी यंत्रं. आन् त्याच गावात एक खानावळवाली, नुमाईश पाहाले आलेल्या पाहुण्यायले चहातून जहर देत होती. दोन्ही खरं झालेलं. एक धडा नुमाईशचा, एक खुनाचा, असं लिहिणाऱ्यानं गुंफलं होतं.

दुपारच्या सुट्टीत ऐकाले गर्दी होये. सगळ्यायले खून पाह्यजे. यंत्रं आली का चपराशी कावे, "काका, ते चाकं राहू द्या ना! बाईनं आज कोणाले पाजलं ते सांगा!"

काका आरामात चष्मा पुसत. "आधी नुमाईश, मग खून. नुमाईश नसती तं मरणारे आले असते कशाले?"

जहराचा धडा झाला का सगळे माहा चहा आधी हुंगत. चपराश्यानं तं एकदा बशी कुत्र्यासमोर ठेवली. कुत्रं हुंगून निघून गेलं. पण त्यात जहराचा संबंध नव्हता, माह्या हाताची चवच तशी होती.

मंग समजलं, काकायची नजर जाऊन राह्यली. डॉक्टर म्हणे, आता थांबत नाही. पोरगा सोमवारी त्यायले आपल्या घरी, निर्मल गावाले, न्याले येणार होता. काका भिंग लावून एक-एक ओळ वाचत. "हे माह्या डोळ्याचं शेवटचं पुस्तक, सदरहू. पुरं करूनच जातो."

मले घोर लागला. या चालीनं सोमवार येईन, पुस्तक अर्धं राहीन, आन् ती बाई मोकळी फिरन. म्हणून मी डोकं चालवलं. तुमच्यातलं कोणी तिथं असतं, तं त्यानं माहा हात धरला असता.

दर धड्यावर एक बारकं चित्र राहे. काचेच्या महालाले घुमट होता. म्हणजे घुमट दिसला का नुमाईश, एवढं मले कळे. काका हात धुवाले गेले, तवा मी शेवटची घुमटवाली आठ पानं फाडली आन् साखरेच्या डब्याखाली दडवली. म्हटलं, एक नुमाईश कमी झाली, काका टायमात पोचतीन.

शनिवारी वाचता वाचता काकायचं बोट फाटक्या कडेवर थांबलं. त्यायनं मागं पाह्यलं, पुढं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं. हळूच म्हणाले, "सदरहू, तो घुमट कोर्टाचा होता. तू फैसला फाडला."

आता आमच्या कचेरीवर कवेलूचं छप्पर. कोर्टाले घुमट असते हे मले कोण सांगन?

लोक खोळंबले होते. "थांबले काऊन काका? धरली का बाईले?"

काकायनं भिंग उचललं आन् नसलेलं पान वाचाले लागले. "सबब कोर्टाचा हुकूम, का सदरहू बाई बेकसूर. जहर टाकणारा तिच्या शेजारचा चहावाला. इसम काळा, समोरचा एक दात पडलेला, अक्कल बेताची. त्याले फाशी."

चपराशी माह्याकडं बोट करून वरडला, "मले पह्यलेपासून शक होता!"

सगळे पोट धरून हासले. काकाबी हासले. पण हासताना त्यायनं पुस्तक मिटलं नाही. त्यायचं बोट त्या फाटक्या जागेवरच होतं.

सोमवारी ते पोरासंगं गेले.

मले चैन पडेना. संक्रांतीनंतर पानं धोतरात बांधली आन् बस बदलत बदलत निर्मलले गेलो. काका ओसरीवर बसले होते, नजर पुरी गेलेली. मी काही बोलाच्या आधी नाक वर करून म्हणाले, "सदरहू आला. दूध करपवूनच आला."

मी पानं त्यायच्या हातात देल्ली. त्यायनं एक-एक पान चाचपलं, मांडीवर ठेवून तळहातानं सुरकुत्या काढल्या, आन् पुन्हा माह्याच पुढं धरली.

"वाच."

मी पानाकडं पाह्यलं, काकाकडं पाह्यलं. घसा साफ केला. पुन्हा साफ केला.

दारात त्यायची सून उभी होती. मले पह्यल्यांदाच पाहत होती, पण गोष्ट तिले सगळी ठाऊक असन.

"काऊन भाऊ," सून म्हणे, "फाडाले बरं आलं, वाचाले येत नाही?"