पाच बारांची बंदूक

पाच बार एका दमात निघतात, हे आमच्या घरी पाहुण्याला चहाबरोबरच सांगितलं जायचं. सासऱ्यांनी कुणा जुन्या शिकाऱ्याकडून घेतलेली बंदूक ती. नळी एकच, पण नळीच्या मागं चांगली तांब्याएवढी लोखंडी चक्री आणि त्या चक्रीला पाच घरं. एकेका घरात एक काडतूस. घोडा मागं ओढला की चक्री एक घर पुढं सरकते आणि नवं काडतूस नळीसमोर येऊन उभं राहतं. सिनेमातलं रिव्हॉल्वर कुणी ताणून लांब करावं आणि त्याला दस्ता लावून खांद्यावर धरावं, तशी दिसायची. पंचक्रोशीत दुसरी अशी नव्हती. आमच्या यांना तिचा केवढा तोरा.

परवाना पीकरक्षणाचा. पालघरजवळ माहीमला आमची वाडी आहे, चिकू, केळी, आणि थंडीत कोनफळ. हा जांभळा कंद आम्हाला जेवढा प्रिय तेवढाच रानडुकरांना. ती नाकानं सगळा वाफा उलटा करून टाकतात. डुकरावर नेम धरायचा नसतो, नुसते हवेत बार काढायचे. आता एका बारानं काय होतं, तर डुक्कर थोडं पळतं, थांबतं, कान देतं आणि परत येतं. लागोपाठ पाच निघाले तर त्याला वाटतं अख्खी आळी उठली. हा त्या बंदुकीचा गुण आणि मी तो कधी नाकारला नाही.

पण गुण सांगणारे हे, आणि बाकीचं बघणारी मी. पाच संपले की पुढं काय? शेजारच्या भावोजींची दोननळी मधून मोडली की रिकामी काडतुसं बाहेर, नवी आत, काम झालं. आमचीत बाजूच्या झडपेतून एकेक रिकामं काडतूस सळईनं ढकलायचं आणि एकेक नवं सारायचं. भावोजी कुंपणावरून म्हणायचे, "वयनी, तुमची बंदूक भरून होईस्तोवर डुक्कर केळव्याला जाऊन आंघोळ करून येतंय." हे तिकडून म्हणायचे, "दोन बारवाल्यानं पाचवाल्याला शिकवू नये." शिवाय वजन. शिवाय आवाज, कारण चक्री नेमकी गालाशी येते. त्या बंदुकीनं डुक्कर एक मारलं नाही, आमच्या यांचा कान मात्र मारला.

आणि सगळ्यात वाईट ती फट. चक्री फिरायची तर तिच्यात आणि नळीत थोडी जागा राहणारच. बार निघाला की त्या फटीतून जाळ बाजूला फुटतो. कुठलीही बंदूक माणूस डावा हात पुढं नळीखाली घालूनच धरतो, हात आपोआप तिथंच जातो. हिच्यात तसा धरला की जाळ मनगटावर. यांच्या डाव्या मनगटावर मोहरी पेरल्यासारखे काळे ठिपके आहेत, ते तरुणपणीचे. मग हे डावा हात मागं, चापाच्या कडीखाली धरायला शिकले.

यंदा परवान्याचं नूतनीकरण आलं. यांचे हात आता थरथरतात, चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात. तेव्हा यांनी ठरवलं की बंदूक मुलाच्या नावावर करायची. मुलगा तारापूरला कारखान्यात लेथवर आहे, बायकोबरोबर सालवडला राहतो, सुट्टीला वाडीवर येतो. त्याचं काम सगळं बोटांचं. केसाएवढा फरक त्याला अंगठ्याला कळतो, असं तोच सांगतो. तो बंदुकीच्या आशेवर लहानपणापासून. आणि यांनी ठरवलं तेव्हापासून मी त्याच्या डाव्या हाताकडं बघत राहिले. जेवताना बघायची, मोटरसायकलवर बसताना बघायची. रात्री कूस बदलून बदलून चादरीचा बोळा व्हायचा.

दसऱ्याला कोयते, पहार, खुरपी आणि बंदूक एका पाटावर मांडतो आम्ही. झेंडूचा हार, हळदकुंकू. आणि तेल घालायचं ते आमच्या वाडीच्या नारळाचं, घाण्याचं. सासरे घालायचे, हे घालतात. यंदा मुलानं कारखान्यातून मशीनच्या तेलाची बारकी बाटली आणली होती.

"बाबा, खोबरेल थंडीत थिजतं. चक्री जड होणार. हे घाला."

"तुझ्या कारखान्याचं तेल देवाच्या पाटावर नको."

"देव काय वास घेतो?"

"मी घेतो."

बाटली मोरीच्या खिडकीत गेली ती तिथंच राहिली. पण मुलगा खोटं बोलत नव्हता. गारठा पडला की डोक्याच्या तेलाची बाटली आपण उन्हात ठेवतो ना, तशी मी ती बंदूक रिकामी करून ओट्यावर उन्हात ठेवायची. तेल वितळलं की चक्री कशी गरगर फिरायची. हे हसायचे, "हिला न्हाऊमाखू घालतेस." घालत होते. दुसरं काय हातात होतं माझ्या?

मार्गशीर्षातला रविवार. अर्ज द्यायला दुसऱ्या दिवशी कोळगावला, जिल्ह्याच्या कचेरीत जायचं होतं. मुलगा आदल्या संध्याकाळीच आला होता. उजाडता उजाडता कोनफळाच्या वाफ्याकडून फुरफुर ऐकू आली. यांनी बंदूक भरली आणि मुलाच्या हातात दिली. परवाना यांचा, उडवणार तो, हे कायद्यात बसत नाही, एवढं मलाही कळतं. मी बोलले.

"अवो, निदान उन्हं तरी येऊ द्या. चक्री गार पडलीय."

"डुक्कर उन्हाची वाट बघत नाय," हे म्हणाले. "उद्यापास्नं त्याचीच हाय. माझ्या देखत उडवू दे."

मी मागोमाग गेले. पायात चप्पल नव्हती, दवानं लुगड्याचा काठ भिजलेला. मुलानं बंदूक वर आभाळाकडं धरली, आणि डावा हात गेलाच पुढं.

"हात मागं," हे म्हणाले.

त्यानं हात मागं घेतला. पहिला बार निघाला, दुसरा निघाला. डुकरं केळीतून पळाली. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण पाच आहेत म्हटल्यावर कोण दोनावर थांबतो? तिसऱ्याला घोडा ओढला तर थिजलेल्या तेलात बारांची काजळी बसून चक्री जड. जोर लावायला बंदूक घट्ट धरावी लागली, म्हणून डावा हात पुन्हा नळीखाली गेला. घोडा मागं बसला, पण चक्रीचं घर नळीसमोर पुरतं आलं नव्हतं, म्हणून गोळीचं शिसं कडेला घासून फटीतून उडालं. हे मला मागून कळलं. तेव्हा फक्त बार वेगळा वाजला, फुटक्या मडक्यासारखा.

मुलानं बंदूक आधी जमिनीवर ठेवली, नळी कुंपणाकडं करून, नीट. मग वाफ्यातच खाली बसला आणि डावा हात उजव्यानं धरला. अंगठ्याचं बूड काळं पडलं होतं आणि काळ्यातून रक्त येत होतं.

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शिशाचे कण काढले. हाड वाचलंय, म्हणाले, पण अंगठा किती वाकेल ते सूज उतरल्यावर सांगू. मी दवाखान्यात एका जागी बसले नाही. दारापर्यंत जायची, परत यायची. सूनबाई सालवडहून आली, आणि तीही माझ्याबरोबर फेऱ्या घालायला लागली.

आणि पट्टी बांधून बाहेर आल्यावर आमचे चिरंजीव काय म्हणाले? "बाबा, उद्या कोळगावला जायचं हाय ना? चूक माझी हाय. हात मागं ठेवायचा, बस." मला वाटलं, आता मलाच भांडावं लागणार. मी रात्रभर शब्द जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. कचेरीतल्या कारकुनानं कागद बघितले आणि विचारलं, "मुलाच्या नावावर ना?"

"नाय," हे म्हणाले. "जमा करायचीय. कायमची."

मुलगा यांच्याकडं बघतच राहिला. बाहेर रिक्षाशी आल्यावर म्हणाला, "तुमी जलमभर वापरलीत. माझ्यावर भरवसा नाय, असं सांगा की."

"भरवसा तुझ्यावर हाय, तिच्यावर नाय," हे म्हणाले. "माझं मनगट भाजलं तेव्हा तेल चोपडून दुसऱ्या दिवशी चिकूवर चढलो. वाडीला असा हात चालतो. तुझ्या मशीनला चालणार नाय."

मुलगा पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मी आपली घरापर्यंत मागून त्याची पट्टी सैल झालीय का ते बघत होते.

यंदा निम्मं कोनफळ डुकरांनी नेलं. आम्ही पत्र्याचे डबे टांगले, हे पहाटे काठी आणि परात घेऊन उभे राहतात. भावोजी त्यांची दोननळी घेऊन येतात आणि टोमणाही मारत नाहीत, ते मला जास्त लागतं. ज्या भिंतीला बंदूक असायची तिथं यांची नजर अजून जाते. तोरा गेला माणसाचा, ते दिसतं मला. वाईट वाटतं.

मुलगा कितीतरी सुट्ट्यांना आलाच नाही. सूनबाई फोनवर म्हणायची, ओव्हरटाइम आहे. मग परवा आला, कंद-भाज्या हंडीत शिजवायची उकडहंडी होती म्हणून. कामावर घेतलंय परत, पण लेथवर नाही, तपासणीच्या टेबलावर. तेही अंगठा पुरता वाकेपर्यंत. बापलेक शेजारी बसून कोनफळ सोलत होते, क्रिकेटबद्दल काहीबाही बोलत होते. माझी नजर त्या अंगठ्यावर. साल सुटताना तो वाकत होता, पण मध्येच अडत होता.

"आई," तो मान वर न करता म्हणाला, "बघू नको. तू बघतेस तेव्हाच जास्त अडतो."

मी उठून चुलीकडं गेले, लाकूड सारलं, झाकण काढून परत ठेवलं. आणि दाराआडून बघत राहिले.