चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

युरो नुकता आला होता, तेव्हा आम्ही जर्मनीत येनाला भाड्याने राहायचो. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या घरमालकांकडे त्यांच्या आजोबांची रायफल होती. तिची काडतुसं बनवणं कारखान्यांनी केव्हाच बंद केलं होतं. म्हणून ते आजच्या मोठ्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या कापून, तापवून, साच्यात दाबून तिच्या मापाच्या करत. त्यांना नीट दिसेनासं झालं तसा मी हाताशी आलो. मी धातूवाला. आठवडाभर इन्स्टिट्यूटमध्ये धातू आणि शनिवारी त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, पुन्हा तेच. नाही म्हणायचंही त्राण नसायचं, म्हणून जायचो.

नेमबाजी क्लबच्या उन्हाळी उत्सवात त्या रायफलीने एकदा बार काढायचा, एवढंच त्यांना हवं होतं. पुढच्या वर्षी निशाण दिसणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

उत्सव आठवड्यावर आला. तयार झालेल्या वीस पुंगळ्यांची मापं तपासायला मी त्या वर आणल्या. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. संध्याकाळी कामावरून येतो तर पुंगळ्या टॉवेलवर ओळीने मांडलेल्या, लखलखीत. काळवंडलेलं पितळ तिला बघवलं नव्हतं. चिंच-मिठात दिवसभर भिजवून तिने एकेक घासली होती.

"दुसऱ्याची वस्तू अशी काळीकुट्ट परत द्यायची का रे?" ती म्हणाली.

एक पुंगळी उजेडात धरली. कडेला गुलाबी झाक होती. आंबटाने पितळातलं जस्त ओढून घेतलं होतं. अशी पुंगळी बार होताना फुटू शकते, आणि रायफलीच्या मागे त्यांचा चेहरा असणार. ती झाक त्यांना दिसणार नव्हती. खोटं कशाला सांगू, बहुतेक काही होणार नाही, असं मनात आलंच. गप्प बसलो तर माझे शनिवार सुटणार होते. स्वतःचीच लाज वाटली, पण ती लाजही दमलेली.

आईला काही बोललो नाही. खाली जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एका पुंगळीवरून अंगठा फिरवला, "आल्झो", म्हणजे 'बरं तर', म्हणाले आणि विसाच्या वीस भंगाराच्या डब्यात टाकल्या. आठवड्यात नव्या होणार नव्हत्या.

"मग पुढच्या वर्षी," ते म्हणाले. "मला निशाण दिसलं नाही तर तू मागे उभा राहा. किती डावीकडे, किती उजवीकडे, ते सांग."

मी हो म्हणालो. इन्स्टिट्यूटमधलं माझं कॉन्ट्रॅक्ट त्या डिसेंबरात संपत होतं.